चौतीस नंबरची पोळी

ही नोकरी घेतली तेव्हा नवऱ्याने मला एकच अट घातली होती. इथल्या जनावरांना नाव ठेवायचं नाही. मी म्हटलं, नावं ठेवायची मला सवय आहे, पण ती माणसांना. तो हसला नाही. कानातल्या बिल्ल्यावर नंबर असतो तेवढा पुरे, म्हणाला, आणि बॅगा गाडीतून काढायला लागला.

जेद्दाहून उत्तरेला निघालं की इकॉनॉमिक सिटीच्या पाट्या लागतात. त्या मागे टाकून उजवीकडे, डोंगरांच्या दिशेने वळायचं. डांबर संपतं, मग खडी संपते, आणि एका कोरड्या नदीपात्राच्या काठाला आमचं फार्म येतं. अशा पात्राला इथे वादी म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं आम्ही वाडीत राहतो, नारळी-पोफळीच्या. मी तिची समजूत काढायच्या भानगडीत पडले नाही. सासरी-माहेरी आम्ही 'डेअरी' एवढंच सांगितलं होतं. ते आधी खरंही होतं. नवरा पशुवैद्यक, आठ वर्षं इथल्याच एका मोठ्या डेअरीत होता. तिथली पक्की नोकरी सोडून तो या उजाड जागेत आला, कारण त्याला जमीन हिरवी करून दाखवायची होती. आणि ती हिरवी व्हायची होती खाटकाकडे जाणाऱ्या जनावरांकडून. हे सासूबाईंना कसं सांगायचं, ते आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं.

जमीन आमच्या कफीलच्या आजोबांची. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा इकामा, इथे राहायचा परवाना. तो जेद्दाचा व्यापारी, वागायला सभ्य, पण उतावळा. कुठल्याशा परदेशात त्याने नुसत्या गवतावर वाढलेल्या गुरांचं मांस खाल्लं आणि त्याच्या डोक्यात बसलं की असं माझ्या जमिनीतून यायला हवं. जेद्दाच्या एका हॉटेलने घ्यायचं कबूल केलं. त्यांची अट सरळ होती. दूध तुटल्यापासून ट्रकमध्ये चढेपर्यंत गवत, फक्त गवत. तुकडी पास झाली तर काम पुढे चालणार, नाही तर कफील जमीन दुसऱ्या कशाला तरी लावणार आणि आम्ही खलास. हा शब्द अरबीतही आहे. ते 'झालं, पुरे' म्हणतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. आमच्या भाषेत खलास म्हटलं की माणूस परत उठत नाही. कफील तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा आणि मी वीस वेळा हातातलं काम थांबवायचे.

पन्नास गोऱ्हे होते, खच्ची केलेले, तांबूस अंगाचे. त्यांना चरायला द्यायची पद्धत मला पहिले काही दिवस बघवेना. विजेची बारीक तार लावून एक पट्टा आखायचा, सगळा कळप त्यात सोडायचा, आणि गवत अर्धं खाऊन झालं की त्यांना उठवून पुढच्या पट्ट्यात न्यायचं. अर्धं तसंच उभं ठेवायचं. आमच्या घरी ताटात शीत राहिलं तरी वडील बघत बसायचे, ते खाऊन होईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. इथे ताट भरलेलं असताना उठवायचे. नवरा समजावायचा, वरचं अर्धं गुरांचं, खालचं अर्धं मुळांचं. मुळाला धक्का लागला नाही, शेण-मूत पडलं, खुरांनी माती उकरली गेली आणि मग पट्ट्याला भरपूर विश्रांती मिळाली, की दुसऱ्या वेळी गवत दाट येतं. पहिल्या वर्षी तसं आलंही. पट्ट्यात पाय ठेवला तर खाली ओल लागायची. मी चपला काढून चालून पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात पाऊस झाला नाही. इथे पाऊस म्हणजे तरी काय, थंडीच्या दिवसांत चार-पाचदा येऊन जातो, पण त्यावर वादी चालते. त्या वर्षी ढग समुद्रावरून आले, आमच्या डोक्यावर थांबले आणि निघून गेले. विहिरीचं पाणी खारट होत चाललं होतं, ते गवताला जेमतेम पुरवायचं. फेब्रुवारीत नवऱ्याने दहा गोऱ्हे काढून साध्या बाजारात विकायला लावले. तोंडं कमी झाली तर उरलेल्यांचं गवत पुरेल, असा त्याचा हिशेब. कफील चिडला. तुला गुरं वाढवायला ठेवलं की कमी करायला, असं त्याने विचारलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि तो उरलेल्या चाळीसच्या मागे लागला.

मार्चमध्ये गरम वारा सुटला. पट्ट्यांत गवत परतून येईना. चाळीस दिवसांनी जे गुडघाभर यायचं ते घोट्यापर्यंत येऊन पिवळं पडायला लागलं. नवरा रोज सकाळी लाकडी पट्टी घेऊन निघायचा, गवत मोजायचा, परत येऊन वहीत लिहायचा. मग गोऱ्ह्यांच्या शेपटीच्या मुळाशी हात लावून बघायचा, तिथे चरबीची गादी धरली की जनावर तयार. गादी धरत होती, पण सावकाश. गवत आधी संपतं की जनावरं आधी तयार होतात, अशी शर्यत लागली होती आणि तिच्यात आमच्या हातात काहीच नव्हतं. शेजारचा मेंढीवाला येऊन सांगून गेला, तीन आठवडे जवाचा भरडा घाल, कोण बघतंय. कफीलनेही तेच सुचवून पाहिलं. नवरा म्हणाला, मग ही जनावरं आणि बाजारातली जनावरं एकच. त्याच्या आवाजात मला त्याचा हट्टही ऐकू आला आणि भीतीही. तो जेवायचा, पण काय वाढलंय ते त्याला कळत नव्हतं. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. त्याने भुरके मारून संपवली.

त्याच दिवशी, बहुतेक, मी ती पहिली पोळी बाहेर नेली.

माझ्या माहेरी तव्यावरची पहिली पोळी गाईची. ती कोणी खात नाही. लग्नानंतर आम्ही फ्लॅटमध्येच राहिलो, त्यामुळे ते राहूनच गेलं होतं. इथे गाय नव्हती, गोऱ्हे होते, तेही चाळीस. पण दारात गुरं आणि आपण पहिली पोळी आपल्याच डब्यात टाकतो, हे मला एकाएकी खटकलं. खरं सांगायचं तर मला काहीतरी करायचं होतं. नवरा पट्टी घेऊन गवत मोजत होता, मला तेही येत नव्हतं. मी पोळीवर तूप लावलं, गुळाचा खडा ठेवला आणि तारेपाशी गेले. मनात म्हटलं, पाऊस पडू दे, नाही तर निदान हे तयार होऊ देत. निदान नवऱ्याला आज तरी नीट जेवू दे. मागण्या बऱ्याच होत्या, पोळी एक.

तारेशी जो गोऱ्हा आला त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि कानात चौतीस नंबर. त्याने पोळी हुंगली, जीभ बाहेर काढली आणि घडीसकट ओढून घेतली. जीभ माझ्या मनगटाला लागली, खरखरीत आणि गरम. दुसऱ्या दिवशी तो माझ्या चपलांच्या आवाजाने आला. आठवड्यात असं झालं की मी दार उघडलं की तो चरायचं सोडून निघायचा. बाकीचे मागे यायचे, पण तो त्यांना शिंगाने बाजूला करायचा. मी नाव ठेवलं नाही. चौतीस म्हणायचे, तेवढ्यावर तो यायचा.

हे नवऱ्यापासून लपवलं असं नाही. तो त्या वेळी लांबच्या पट्ट्यांवर असायचा आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नाही. म्हातारा सुदानी गुराखी, ज्याला आम्ही हाजी म्हणायचो, तो रोज बघायचा आणि छातीवर हात ठेवून मान झुकवायचा. भरडा, पेंड, मका, जव हे चालत नाही, हे मला पाठ होतं. पोत्यातून येतं ते सगळं बंद. पण पोळी पोत्यातून थोडीच येते. पोळी माझ्या स्वयंपाकघरातून येत होती.

एप्रिलच्या अखेरीला चाळीसही जणांच्या शेपटीशी गादी धरली आणि हॉटेलकडून तपासणीला एक बाई आल्या. इतक्या कोरड्या वर्षात जनावरं गवतावर तयार झाली यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि तो का बसावा. त्यांनी कोठाराची कुलपं उघडून पाहिली. शेणाचे नमुने चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतले आणि दाण्याचं टरफल कुठे दिसतं का ते बोटाने चाचपून बघितलं. काही मिळालं नाही. पट्टे पाहिले, नवऱ्याची वही पाहिली. मग त्या जेवायला आमच्या घरी आल्या. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि मागे टेबलाशी ती दोघं इंग्रजीत बोलत होती. उद्या सकाळी कफील येईल, कागदावर सही होईल, परवा ट्रक येतील. बाईंनी विचारलं, कसलंही धान्य कधीच नाही ना, तुम्ही स्वतःच्या नावाने लिहून देताय. नवरा म्हणाला, गव्हाचा एक दाणासुद्धा नाही.

माझ्या हातात लाटणं होतं. पोळपाटावर गहू होता. तूप लावलेला, गूळ ठेवलेला, एक महिना रोज गेलेला गहू.

मी पोळी तव्यावर टाकली आणि ती जळेपर्यंत मला कळलं नाही. बाई म्हणाल्या, वास छान येतोय. मी त्यांना वाढलं, हसले, आग्रह केला.  त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि कशाच्या करता म्हणून विचारलं. मला तो शब्द उच्चारवेना. नवऱ्यानेच सांगितलं, गव्हाच्या.

त्या गेल्यावर मी भांडी घासत बसले, आधीच घासलेलीसुद्धा. शेणात काही निघालं नव्हतं. पोळीचं टरफल कुठलं निघणार. हाजी आणि मी सोडून कोणाला माहीत नव्हतं, आणि हाजीला त्यात चूक आहे हेच माहीत नव्हतं. मी गप्प राहिले तर नवरा सही करील आणि ती खोटी असेल, पण ते त्याला कधीच कळणार नाही. बोलले तर कदाचित सगळी तुकडी जाईल, त्याचे दोन वर्षांचे कष्ट जातील आणि तेही माझ्या देवभोळेपणामुळे. मी बराच वेळ पहिल्या बाजूने होते, हे कबूल करते. मला बाहेर काढलं ते त्याच्या वाक्याने. भरडा घालू दिला नाही तेव्हा तो जे बोलला होता, ही जनावरं आणि बाजारातली जनावरं एकच, ते सारखं कानात वाजत होतं. मी त्याच्या पाठीमागे तेच केलं होतं.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची अजान झाली तेव्हा तो आणि हाजी तार हलवत होते. मी तिकडे गेले. चौतीस माझ्या पायरवाने निघाला, थेट माझ्याकडे, सगळ्यांच्या देखत. माझे हात रिकामे होते, तो तळव्याशी नाक घासायला लागला. नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी सांगितलं. एका दमात, गुळासकट. तो खाली बसला, तिथेच, मातीत.  हाजीने तारेची फिरकी जमिनीवर ठेवली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"महिना झाला. रोज एक."

"किती जणांना?"

तोंडात उत्तर तयार होतं आणि तरी मी थांबले. चाळीस जण उभे होते. नवा पट्टा उघडायची वाट बघत सगळ्यांनी माना आमच्याकडे केल्या होत्या. परवा यांना घेऊन जाणार. मी 'सगळ्यांना' म्हटलं असतं, रोज तुकडे करून सगळ्यांना घातली असं म्हटलं असतं, तर यांतला एकही त्या ट्रकमध्ये चढला नसता. निदान परवा तरी नसता. हे मला तेव्हा लख्ख सुचलं, आणि सुचलं म्हणून मला स्वतःचीच भीती वाटली. समोर नवरा मातीत बसला होता. महिन्याभरात त्याची कॉलर सैल झाली होती.

"एकाला," मी म्हटलं. "चौतीसलाच."

त्याने आणखी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. मग त्याने हाजीला अरबीत विचारलं. हाजीने अल्लाची शपथ घेऊन सांगितलं की हा ठिपकेवाला कोणाला जवळ येऊ देत नाही, फक्त हाच खातो. नवरा उठला, विजार झटकली आणि तार ओढायला लागला. माझ्याशी काही बोलला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी कफील आला, बाई आल्या. मी चहा दिला आणि दाराआड उभी राहिले. नवऱ्याने कागदावरचा चाळीसचा आकडा खोडून एकोणचाळीस केला आणि का ते सांगितलं. गोग्रास हा शब्द त्याला अरबीत मिळेना. थोडं अडखळून तो म्हणाला, सदका. म्हणजे दान, अडचण टळावी म्हणून दिलेलं. कफील इतका वेळ कपाळाला आठ्या घालून होता. तो शब्द ऐकून त्याने वर पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. नवरा म्हणाला, हो. त्या पुन्हा कोठारात गेल्या, पुन्हा हाजीशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या. मी पिठाचा डबासुद्धा दाखवला. तासाभराने त्यांनी एकोणचाळीसवर सही घेतली.

मग कफीलने विचारलं, चौतीसला बाजारात पाठवायचं ना. माझा हात दाराच्या कडीवर होता. नवऱ्याने ताबडतोब उत्तर दिलं, जणू आधीपासून तयार ठेवलं होतं. पुढची वासरं येतील त्यांना तार माहीत नसते, ती बिथरतात. एक जुनं, शांत, हाकेला येणारं जनावर पुढे असलं की ती शिकतात. याला ठेवू. कफीलने माझ्या दिशेने, म्हणजे दाराच्या दिशेने एकदा पाहिलं. "खलास," तो म्हणाला आणि कप खाली ठेवला. त्या दिवशी मला तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला.

ट्रक आले, एकोणचाळीस गेले. नवरा प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून चढवत होता. मी घरात होते, पण खुरांचा आवाज फळीवर येतच राहिला आणि मी मोजत राहिले. एकोणचाळीस झाले तेव्हा थांबले. चौतीस दोन दिवस तारेला लागून हंबरत होता. मी पोळी नेली तर त्याने हुंगून तोंड फिरवलं. एकट्याने खायची त्याला सवय नव्हती. ढकलायला कोणीतरी हवं होतं.

नवरा माझ्याशी तिसऱ्या दिवशी बोलला. आमटीत मीठ कमी आहे, म्हणाला. मी हातातलं टाकून रडले.

मेच्या शेवटी नवी वासरं आली, चाळीस. पाऊस तेव्हाही नव्हता, पण जुन्या गवताच्या मुळाशी ओल धरून होती, नवऱ्याने उकरून दाखवली. चौतीसला त्यांच्यात सोडलं. दुसऱ्या सकाळी सवयीने मी पहिली पोळी घेतली, तूप लावलं आणि दार उघडलं. चपलांचा आवाज झाला तसा तो निघाला आणि त्याच्या मागोमाग सगळी निघाली. तारेच्या पलीकडे चाळीस ओली नाकं येऊन उभी राहिली. ती लहान होती, त्याला घाबरत नव्हती, त्याच्या पोटाखालूनसुद्धा डोकी काढत होती, त्यामुळे पोळी त्याला एकट्याला देणं आता जमणार नव्हतं. लांबच्या पट्ट्यावर नवरा पट्टी हातात धरून थांबला होता. त्याने मला हाक मारली नाही.

पोळी मऊ होती, हातात वाफ येत होती. मी ज्याच्या तोंडात ती घालीन तो ट्रकमध्ये न चढता मागे राहणार होता. सगळ्यात पुढे एक होतं, त्याच्या डोळ्यावर माशी बसली होती आणि ते ती उडवतही नव्हतं.

मी पोळीचे तुकडे केले आणि तिथेच उभी राहून एकेक करून खाल्ले. ती सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.